कुदळ लागलेलं कोनफळ

थंडी पडली की पालघर, बोईसर, डहाणूच्या बाजारात मातीने माखलेली, वेडीवाकडी कोनफळं दिसू लागतात. एखादं मुद्दाम चिरून वर ठेवलेलं असतं, आतला जांभळा रंग गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. केळवे-माहीमपासून चिंचणी-तारापूरपर्यंतच्या वाडवळ घरांत हे कोनफळ उकडहंडीत जातं, वालपापडी, रताळी, वांगी आणि लसणाच्या पातीच्या सोबतीने. गुजराती घरांत ते उंधियोत पडतं. थोडी भजी होतात, आणि उपासाला चालत असल्यामुळे महाशिवरात्रीपर्यंत मागणी कशीबशी तग धरते.

फिलिपिन्समधल्या ‘उबे’च्या नावाने सध्या जगभर जांभळे केक खपतात. उबे म्हणजे आपलं कोनफळच, डायोस्कोरिया अलाटा. मग बोईसरच्या बेकऱ्यांनी हिवाळ्यात कोनफळाचा केक का करू नये? शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, असं कोणीही म्हणेल. पण अर्ध्या किलोच्या केकात उकडलेलं कोनफळ मावतं जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम. उकडहंडीच्या एका मडक्यात त्याच्या कितीतरी पट जातं. नुसत्या वजनावर गेलं तर केकाने शेतकऱ्याचं फारसं भलं होणार नाही. त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे.

कोनफळाचं बेणं म्हणजे कंदाचाच तुकडा, साधारण पाव किलोचा. म्हणजे आलेल्या पिकातला चांगला हिस्सा विकायचाच नाही, पुढच्या लावणीसाठी ठेवायचा. पावसाच्या तोंडाशी लावणी होते. चौकोनी, कंगोरेदार वेल मांडवावर किंवा जवळच्या झाडावर चढतो आणि आठ-नऊ महिने जागा अडवून बसतो. पानं पिवळी पडली की खणती. कंद खोल जातो, फाटे फुटतात, मुळांत आणि दगडांत अडकतो. कितीही जपून खणलं तरी काहींना कुदळ लागतेच. अख्खं कोनफळ घरात काही महिने बिनफ्रीजचं टिकतं, जखमी मात्र लवकर कुजतं. ते बाजारात मातीमोल भावाने जातं आणि लावणीपर्यंत टिकत नसल्यामुळे बहुधा बेण्यालाही कामाचं नसतं.

बेकरीला आकाराशी काय देणंघेणं? तिला गर हवा. कापलेला, तुटलेला भाग काढून टाकून उरलेलं सालासकट उकडायचं (कच्चं सोलायला घेतलं तर हात खाजतात), मग सोलून, चाळणीतून घासून गोठवायचं. गर काही महिने राहतो. संक्रांतीच्या आठवड्यात सगळ्यांचा माल एकदम येतो, तेव्हा याच गराच्या निमित्ताने थोडा माल बाजूला काढता येईल.

भट्टीत मात्र कोनफळाचा रंग फसवतो. हा रंग अँथोसायनिनचा. आंबट लागलं की तो गुलाबीकडे झुकतो आणि खाण्याचा सोडा जास्त झाला की निळसर-राखाडी, कधी चक्क हिरवट होतो. म्हणून सोडा हात राखून घालावा, सोबतीला दही किंवा लिंबू असावं. शिवाय कोनफळात ग्लुटेन नाही, गर जास्त झाला की केक फुगत नाही, गोळा होतो. मला विचाराल तर मैद्याच्या स्पंजपेक्षा रवा आणि ओल्या नारळाचा जड केकच याला शोभेल.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बाटलीतला जांभळा रंग आणि इसेन्स ओतणं किती सोपं! त्यातून तारापूर एमआयडीसीच्या परिसरात रंगांचं अप्रूप ते काय? पण तसा केक कितीही खपला तरी वाडीतला एकही कंद विकला जात नाही. फिलिपिन्समध्ये बागियो इथल्या गुड शेफर्ड कॉन्व्हेंटचा उबे जॅम प्रसिद्ध आहे. त्याच्या विक्रीतून तिथे काम करणाऱ्या मुलामुलींच्या शिक्षणाला मदत होते. २०१९मध्ये जांभळा कंद पुरेसा मिळेना, तेव्हा तिथल्या धर्मभगिनींनी रंग न मिसळता पांढऱ्या कंदाचा पांढराच जॅम विकला. लोकांनी आधी भुवया उंचावल्या, पण कारण त्यांना सांगितलेलं होतं.

आपल्याकडे चिकूने ही वाट आधी मळून ठेवली आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला आणि चिकूचे चिप्स, लोणचं, मिठाई असे पदार्थ पर्यटकांच्या पिशवीत गेले. कोनफळाचं गिऱ्हाईक तर आणखी जवळ आहे. १९६९मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली आणि बोईसरला देशभरातली माणसं येऊन राहिली. त्यांच्यातल्या अनेकांना उकडहंडी ठाऊक नसेल, पण घरोघरी वाढदिवसाला केक येतोच.

बेकरीवाल्याने खोक्यावर कोनफळ किती टक्के ते छापावं, कंद खणतीच्या दिवसांतच रोख पैसे देऊन उचलावा आणि गर संपला की केकही बंद करावा. शेतकऱ्यानेही अख्खी, निरोगी कोनफळं बेण्यासाठी आधीच निवडून घ्यावीत, आणि बेकरीवाला कितीही भाव देवो, त्यांना हात लावू देऊ नये.