डोक्याला शॉट!

घरी एस्प्रेसो मशीन आलंय, पण कपात कधी चिंचेचं सार, तर कधी काढा? मशीन विकायला काढण्याआधी हे वाचाच...

लहानपणी 'एक्स्प्रेसो' म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर यायचं. मंगल कार्यालयाचा कोपरा, फुस्स् करत वाफ सोडणारं स्टीलचं मशीन, कपभर फेसाळ दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेट पावडर. जिलबीपेक्षा जास्त धक्काबुक्की त्या रांगेत! त्या कॉफीचा आणि इटलीतल्या एस्प्रेसोचा संबंध फक्त नावापुरता, हे कळायला पुण्यातल्या कॅफेंमध्ये लॅपटॉप उघडून बसायचं वय यावं लागलं.

आणि मग नादच लागला. फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे कॅफे. दिवसाला दोन कॉफ्या आणि महिनाअखेरीला बिल बघून पोटात गोळा. शेवटी मागच्या दिवाळीत हिशेब मांडला आणि २२ हजारांचं मशीन ईएमआयवर उचललं. आईचा फोनवर पहिला प्रश्न, "अगं, एवढ्या पैशात वॉशिंग मशीन आलं असतं ना?" मी म्हटलं, "आई, सहा महिन्यांत पैसे वसूल!"

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच मशीनचे फोटो काढत होते. विकायला.

फेसावर जाऊ नका

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१५ बार' छापलेलं होतं. जितके जास्त तितकं भारी, असं आपल्याला वाटतं. पण १५ हा पंपाचा कमाल जोर. प्रत्यक्ष कॉफीवर साधारण ९ बार दाब पुरतो. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं पेटंट घेतलं, ते मशीन वाफेच्या जोरावर चालायचं आणि तो जोर ९ बारच्या जवळपासही जात नव्हता. १९४०च्या दशकात मिलानच्याच अकिले गाज्जियानं दांडा ओढून दाब वाढवायची युक्ती काढली आणि कपावर सोनेरी-तपकिरी थर दिसू लागला. तोच क्रेमा. १९६१च्या फाएमा ई६१ या मशीननं ते काम इलेक्ट्रिक पंपावर सोपवलं.

गंमत म्हणजे माझ्या कपावर पहिल्याच दिवशी क्रेमा होता! फोटो एकदम झकास. चव मात्र पाणचट. घरगुती मशीनबरोबर बहुतेकदा दुहेरी तळाची बास्केट येते. तिच्या बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक. पावडर कशीही असो, त्या भोकातून जोरात बाहेर पडताना फेस होतोच. म्हणजे मेकअप फुल, आत काही नाही. खरा शॉट हवा असेल तर एकेरी तळाची साधी बास्केट लावा. पण ती लावली की तुमच्या सगळ्या चुका कपात उतरतात.

माझ्या उतरल्या. ३६ ग्रॅम कॉफी अवघ्या १० सेकंदांत भळ्ळकन खाली. रूममेटनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "ए, हे चिंचेचं सार कुणी केलं?"

आजीच्या जात्याचा फंडा

एस्प्रेसोत पाण्याला अडवायचं काम एकच गोष्ट करते, कॉफीची दळण. भरड असेल तर पाणी सुसाट निघून जातं, आंबटपणा तेवढा बरोबर घेतं आणि गोडवा मागेच राहतो. फार बारीक असेल तर पाणी अडकतं, थेंब थेंब गळतं आणि कडवट, तुरट अर्क उतरतो.

मी आधी तयार पावडर वापरत होते. आपल्याकडच्या फिल्टर कॉफीच्या पाकिटावर नीट वाचा, त्यात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असू शकते. ती दुधाच्या फिल्टर कॉफीत मस्त लागते, पण एस्प्रेसोत नको. मग बिया आणल्या आणि मिक्सरला फिरवल्या. झालं शेंगदाण्याचं कूट! थोडं भरड, थोडं पीठ. एकाच कपात आंबटही आणि कडूही.

नेहमीच्या कॅफेतल्या बरिस्तानं डोळे उघडले. त्याचं म्हणणं, बजेट ठरवताना आधी ग्राइंडर बघायचा आणि मग मशीन. ग्राइंडरही पात्यांचा नाही, तर ज्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींजवळ फिरतात, तो. म्हणजे आजीचं जातंच की! चकत्यांमधलं अंतर कमी केलं की बारीक, वाढवलं की भरड. मी हाताचा ग्राइंडर घेतला. सकाळी दोन मिनिटं हात फिरवावा लागतो, जिमची फी वाचली समजा.

बग सापडला!

तरीही कॉफी जमेना. कारण मी रोज सगळंच बदलत होते. आज पावडर कमी, उद्या दळण बारीक, परवा जोर लावून दाबलं. आणलेल्या पाव किलोच्या पाकिटातून दुहेरी शॉट निघतात जेमतेम १३-१४. त्यातले अर्धे बेसिनमध्ये.

रूममेट हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एका रविवारी तिनं मला विक्रीची जाहिरात लिहिताना पकडलं. म्हणाली, "तू एका वेळी चार गोष्टी बदलतेस. मग बग सापडणार कसा? तीन फिक्स कर, एक हलव."

तिनं फ्रिजवर कागद चिकटवला. पावडर १८ ग्रॅम, फिक्स. कपात ३६ ग्रॅम, फिक्स. दाबणं सरळ आणि सारखं, फिक्स. बदलायची फक्त दळण. वेळ मोजायची बटन दाबल्यापासून.

पहिला शॉट, १४ सेकंद. आंबट. थोडं बारीक केलं, १९ सेकंद. अजून आंबटच, पण जीव आला. मग मी उत्साहात जास्तच बारीक केलं आणि ४७ सेकंद! शुद्ध काढा. अर्धं मागे आले. २८ सेकंद. मधासारखी धार, आधी हलका आंबटपणा, मग गूळ, शेवटी कोकोचा कडवटपणा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. जाहिरात तिथल्या तिथे डिलीट!

पण सेकंदांची पूजा करू नका. २५ ते ३० ही सुरुवात करायची जागा आहे. २३ सेकंदांत चव छान लागली तर तीच तुमची वेळ. निकाल जीभ देणार, घड्याळ नाही.

एवढं सांभाळा

शॉट जमला, तरी दुसऱ्या दिवशी बास्केटखालून बारीक पिचकाऱ्या उडाल्या. पावडरीत गुठळ्या राहिल्या की पाणी सोपी वाट शोधतं, तिथूनच पळतं आणि बाकीची कॉफी कोरडीच राहते. उपाय फुकटातला. बुचात दोन-तीन बारीक सुया खोचा, त्यानं पावडर हलकेच मोकळी करा, मगच दाबा.

ऑफिसच्या घाईत मशीन चालू केल्या केल्या काढलेला शॉट आंबट लागतो, कारण सगळा धातू गार असतो. चांगलं तापू द्या आणि आधी पावडर न घालता नुसतं गरम पाणी एकदा सोडा.

सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल, तर किटलीच्या तळाला धरतो तोच पांढरा थर मशीनच्या पोटातही धरतो. फिल्टरचं पाणी वापरा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेव्हा क्षार काढा.

फ्रिजवर चिकटवा

* एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. चमच्यानं मोजणं बंद!
* पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजल्यावर साधारण एक ते चार आठवडे वापरायला उत्तम. अगदी ताज्या बियांत वायू जास्त असतो.
* तुमच्या बास्केटमध्ये मावेल तेवढीच पावडर, कपात तिच्या दुप्पट वजन.
* 'दोन कप' बटनावर विसंबू नका. काट्यावर ३३-३४ ग्रॅम दिसले की हातानं बंद करा, उरलेलं ठिबकतं.
* आंबट? बारीक दळा. कडू? भरड दळा. एका वेळी एकच बदल.

ईएमआय संपला. घरचा दुहेरी शॉट बियांच्या हिशेबानं ४० रुपयांच्या आसपास पडतो, ग्राइंडरचे पैसे मात्र अजून वसूल व्हायचेत. गेल्या महिन्यात आई राहायला आली. मी मन लावून दळलं, मोजलं, २८ सेकंदांत शॉट काढला, तिच्यासाठी वर फेसाळ दूध ओतलं आणि श्वास रोखून उभी राहिले. आईनं सावकाश घोट घेतला.

"छान झालीय गं. पण वर ती चॉकलेट पावडर नाही का?"