मशीन धूर मारतंय? स्क्रूला हात लावण्याआधी फिल्टर बघा



तण वाढलं की ब्रश कटर आणि पाठीवरचे पेट्रोल पंप बाहेर निघतात. तक्रार ठरलेली: धूर फार मारतंय, पेट्रोल फार पितंय, रेस दिली की गुदमरतंय. बहुतेक वेळा कारण असं, की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. आजचा सल्ला टू-स्ट्रोक मशीनसाठी आहे.

आधी प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळं, काजळी धरलेलं किंवा ओलं असेल तर पेट्रोल नाहीतर ऑइल जास्त होतंय.

मग या क्रमाने तपासा:

*१) एअर फिल्टर:* धुळीने भरला की हवा अडते आणि पेट्रोल जास्त खेचलं जातं. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा.

*२) चोक:* मशीन चालू झाल्यावर चोक पूर्ण उघडा. अर्धवट अडकलेला चोक म्हणजे सततचा धूर.

*३) ऑइलचं माप:* पुस्तिकेत २५:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. अंदाजाने ओतू नका. जास्त ऑइलचा धूर स्क्रू फिरवून जात नाही.

प्लग साफ करून मशीन चालवून बघा. बऱ्याचदा काम इथेच भागतं.

*तरीही फरक नसेल तर:*
इंजिन ५ मिनिटं गरम करा. पातं कशालाही टेकू देऊ नका. माणसं, जनावरं १५ मीटर लांब ठेवा. कार्बोरेटरवर ‘एल’ (हळू चाल) आणि ‘एच’ (पूर्ण रेस) असे दोन स्क्रू असतील तर फक्त ‘एल’ला हात लावा. आधीची जागा खूण करून ठेवा. उजवीकडे आवळला की पेट्रोल कमी, डावीकडे सोडला की जास्त.

‘एल’ अगदी थोडा थोडा आवळा. इंजिनाचा वेग वाढेल. वेग पुन्हा पडायला लागला की तिथून पाव फेरा मागे सोडा. आता रेस द्या. झटकन उचललं तर जमलं. अडखळलं तर अजून जरा सोडा. शेवटी स्लोचा स्क्रू असा ठेवा, की रेस सोडल्यावर पातं फिरायला नको. स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल तर ती फिरते तेवढंच फिरवा, जोर लावू नका.

⚠️ *‘एच’ घरी आवळू नका.* टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी पडतं आणि उष्णता वाढते. धूर जातो, आवाज कडक येतो, मशीन सुधारलं असं वाटतं, आणि भर कामात पिस्टन जाम होतो. थोडा धूर परवडला, सिलिंडर-पिस्टनचा खर्च नाही.

मशीन बंद असताना कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर स्क्रूने काही होणार नाही, फिटरलाच दाखवा. जाताना काढलेला प्लग न पुसता सोबत न्या. त्याच्या रंगावरूनच निम्मं निदान होतं.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी