ग्रंथालयाचे कारभारी कोण निवडतं?

नवी मुंबईच्या सानपाड्यात वाचनालयाचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘कमिटी सरकार नेमतं’ आणि ‘नगरसेवकाला सांगा, तो बघेल.’ दोन्ही अर्धवट खरी आहेत.

गैरसमज : अनुदान सरकारचं, म्हणून कमिटीही सरकारची.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रातली बहुतेक अनुदानित ग्रंथालयं नोंदणीकृत संस्था आहेत. त्यांचं कार्यकारी मंडळ सभासद सर्वसाधारण सभेत निवडतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. म्हणजे ग्रंथालयाचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीची ही रीत. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्य ग्रंथालय परिषद, संचालनालय आणि जिल्हा ग्रंथालय समित्या आणल्या. सरकारी यंत्रणा तपासणी करते, अ, ब, क, ड असा दर्जा ठरवते आणि अनुदान देते वा रोखते. हा दाब मोठाच; पण अध्यक्ष निवडणं तिच्या हाती नाही.

गैरसमज : महापालिकेच्या वाचनालयातही अशी निवडणूक होते.
नाही. तिथला कारभार प्रशासनाचा. त्यावर स्थानिकांचा अंकुश नगरसेवकांमार्फत, तोही सभागृह असेल तेव्हा. नवी मुंबईत मे 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे काही वर्षं प्रशासकच होता. शिवाय महापालिका कायद्यात ग्रंथालय हे ऐच्छिक काम; पाणी, कचरा, दिवे यांच्यासारखं बंधनकारक नव्हे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे, शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत तो नावानिशी नाही. शहराला पुस्तकं कमी लागतात असं कुणाला वाटलं असावं!

गैरसमज : दर महिन्याला वर्गणी भरतो, म्हणजे मत आहेच.
ते संस्थेची घटना ठरवते. काही ठिकाणी आजीव सभासदांना मत असतं, साध्या वर्गणीदाराला नसतं. इथेच स्थानिक नियंत्रण निसटतं: मोजक्या मतदारांवर तेच मंडळ वर्षानुवर्षं निवडून येतं आणि वाचक बाहेर राहतात.

केरळने 1989 च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे ग्रंथालयांचे प्रतिनिधी तालुका पातळीवरचे ग्रंथालय संघ आणि जिल्हा व राज्य पातळीवरच्या ग्रंथालय परिषदा निवडतात. आपल्याकडे वरच्या परिषदेत शासनाचाच वरचष्मा, निवडणूक मुख्यतः तळाशी.

म्हणून तक्रारीआधी आपल्या वाचनालयाची घटना मागून वाचा, मतदार सभासद व्हा आणि वार्षिक सभेला जा. मंडळ बदललं तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 नुसार 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला का, हेही सभेत विचारा.