सहा बैठकांचा पाळणा

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर हे गाव आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते प्रसिद्ध आहे. कार्तिक महिन्यात तेथे यात्रा भरते. यात्रेतला फिरता पाळणा तुम्ही पाहिलाच असेल. समजा, त्याला सहा बैठका आहेत. पाळणा फिरला की वरची बैठक खाली येते, खालची वर जाते. पण बैठकांचा क्रम बदलत नाही. संख्यांमध्येही असा एक पाळणा आहे.

ती संख्या म्हणजे १४२८५७. वाचा : एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. (लाख आणि हजार हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत.) आता गुणाकार करू.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

एकही अंक हरवला नाही, एकही नवा आला नाही. क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलली. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण संख्या मात्र डावीकडून उजवीकडेच. म्हणून तुमच्या उर्दू वहीतही हा पाळणा असाच फिरेल. ७ ने गुणले की मात्र तो थांबतो. उत्तर येते ९९९९९९!

ही जादू नाही. १ ला ७ ने भागून पाहा. १ वर शून्य घेतले की १०. भाग १, बाकी ३. मग ३०, भाग ४, बाकी २. पुढे २०, भाग २, बाकी ६. ६०, भाग ८, बाकी ४. ४०, भाग ५, बाकी ५. ५०, भाग ७, बाकी १. आपण पुन्हा १ वर आलो! भागाकार संपतच नाही, तेच सहा अंक फिरून येतात. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या उरू शकतात आणि येथे त्या सगळ्या एकेकदा आल्या. आता १ ऐवजी ३ ला ७ ने भागा. आपण याच चक्रात बाकी ३ पासून शिरतो, म्हणून पहिला अंक ४ येतो. ३ ने गुणल्यावर ४२८५७१ मिळाले ते याचमुळे.

सगळ्याच संख्या इतक्या सरळ वागत नाहीत. १३ ने भागताना बारा बाक्या शक्य आहेत, तरी चक्र सहा अंकांतच पुरे होते. १७ चे चक्र मात्र पूर्ण सोळा अंकांचे आहे.

१४२८५७ चा आणखी एक गुण आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन भाग करून मिळवा : २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. लहान उदाहरण हवे असेल तर ४५ घ्या. तिचा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. त्यांनी आयुष्यभर संख्यांचा नाद जोपासला. काही विद्वानांना तो पोरखेळ वाटे. अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली आपल्या सदरात त्यांच्या शोधांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव दूरदूर पोहोचले. तेव्हा कापरेकर मास्तर सत्तर वर्षांचे होते.