यादीला वाचा फुटते तेव्हा

आपल्याकडे पुस्तकाची अर्पणपत्रिका चवीनं वाचली जाते, प्रस्तावनाही एखादा वाचतो. पण शेवटची संदर्भसूची मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. कॉलेजातल्या प्रकल्पाचं तर विचारायलाच नको. आदल्या रात्री वीस-पंचवीस पुस्तकांची नावं उतरवली की झाली सूची! खरं तर लेखकानं काय वाचलं आणि काय नुसतंच चाळलं, याचा जमाखर्च याच पानांवर असतो.

सूचीच्या कामाची मराठीतली परंपरा मोठी आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ सिद्ध केली आणि पुढच्या भागात ती १९५० पर्यंत आणली. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. साधी सूची पुस्तक कुठलं ते सांगते. सटीप सूची त्याहून एक पाऊल पुढे टाकते. प्रत्येक नोंदीखाली चार-सहा ओळींचं टिपण असतं आणि त्यात चार प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. हे कुणी आणि कशासाठी लिहिलं? यात मुख्य काय सांगितलं आहे? ते कितपत भरवशाचं? आणि माझ्या प्रश्नाला त्याचा उपयोग काय?

ग्रंथालयात उभी हयात काढलेला माणूस म्हणून अशा सूच्या घेऊन मुलं अजूनही माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी शेजारची मुलगी आली. विषय होता १८९७ सालचा पुण्याचा प्लेग. यादीत तेवीस नावं. मी म्हटलं, ‘‘अगं, यातली हातात किती घेतलीस?’’ ती हसली. म्हणाली, ‘‘काका, सात.’’ बाकीची तिनं संगणकाला विचारून घेतली होती. त्यातल्या दोन पुस्तकांचा शोध आम्ही तीन दिवस घेतला. लेखकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, सारं कसं झोकात दिलेलं; पण ती पुस्तकं कुठल्याच ग्रंथालयाच्या तालिकेत नव्हती. ती कधी लिहिलीच गेली नव्हती!

मग आम्ही सातांपासूनच आरंभ केला. पहिला जनरल गेटेकर यांचा १८९६-९७ च्या प्लेगवरचा अहवाल. तिनं तो पुण्याचा म्हणून घेतला होता. पण तो आहे मुंबईचा, आणि लिहिणारा मुंबईच्या प्लेग समितीचा प्रमुख. म्हणजे ज्यानं मोहीम चालवली, त्यानंच तिचा वृत्तांत लिहिला. तिनं टिपलं : ‘बंदोबस्ताची तपशीलवार माहिती, पुण्यासाठी उपयोग तुलनेपुरता.’

दुसरी नोंद ‘केसरी’च्या त्या वर्षीच्या अंकांची. सोजिरांच्या घरझडत्यांविरुद्ध लोकांचा संताप त्यात आहे. पण २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढे त्याच वर्षी संपादक टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा हे त्रयस्थाचं लेखन नव्हे, वादातल्या एका पक्षाचं आहे. म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. फक्त तसं लिहून ठेवावं लागतं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये प्लेगच्या दिवसांच्या आठवणी आहेत, पण ते पुस्तक छापून येऊ लागलं १९३४ साली. तेव्हा आठवण आणि छपाई यांमधलं अंतर टिपणात यायला हवं. डेव्हिड अर्नोल्ड यांचं ‘कॉलनायझिंग द बॉडी’ हे १९९३ चं इंग्रजी पुस्तक तर जवळजवळ शतकानंतरचं. त्यात डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही. पण सरकारी वैद्यकाकडे लोक कसे पाहत होते, हे कागदपत्रांवरून उलगडलेलं आहे.

टिपणं लिहिता लिहिता मुलगी एकदम थांबली. तिच्या घरात एक गोष्ट सांगतात. पणजोबांच्या धाकट्या बहिणीला झडतीत सोजिरांनी उचलून प्लेगच्या इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. ‘‘काका, या सातांत कुठंच तिचं नाव नाही,’’ ती म्हणाली. नसणारच. अहवालात आकडे असतात, वर्तमानपत्रात संताप असतो. सात-आठ वर्षांच्या पोरीचं नाव कोण लिहिणार? मी म्हटलं, ‘‘मग तिची आठवी नोंद कर.’’ मात्र नियम तेच. कुणी सांगितलं? आजीनं. तिनं कुणाकडून ऐकलं? सासूकडून. कागदाचा आधार? नाही. तिनं प्रामाणिकपणे लिहिलं : ‘घरातली ऐकीव आठवण, तिसऱ्या तोंडून आलेली, कागदाचा पुरावा नाही. सरकारी कागदांत ज्यांचा उल्लेख नाही अशांची बाजू समजायला उपयोगी.’

तेवीस नावांची यादी शेवटी आठांवर आली. ‘‘कमी नाही का दिसणार?’’ असा धाक तिच्या आईला होता. पण त्या आठांपैकी कुठल्याही नोंदीवर बोट ठेवून विचारलं, तरी पोरगी आता पाच मिनिटं बोलू शकत होती.

सध्या अनेकांच्या घरात असा एखादा प्रकल्प चालू असेल. पालकांनी मुलांच्या विषयातलं सारं जाणायला हवं असं मुळीच नाही. यादीतलं एखादं नाव निवडून एवढंच विचारावं : हे कुणी लिहिलं, आणि त्यावर तू का विश्वास ठेवलास? उत्तर अडलं, तर रागावू नये. जवळच्या ग्रंथालयात त्याला घेऊन जावं, पुस्तक हातात द्यावं आणि टिपणापुरती सहा ओळींची जागा कोरी ठेवायला सांगावी. वाचून झालं की ती आपोआप भरते. आणि आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांच्यासाठीही एक नोंद राखून ठेवावी. ती लवकर लिहून घेतलेली बरी.