जशी हाक, तसा देव
सिद्धरामांच्या सोलापुरात ईश्वराच्या नावांचा विचार

मकरसंक्रांत जवळ आली की सोलापूरकरांना गड्ड्याच्या यात्रेचे वेध लागतात. शुभ्र बाराबंदी परिधान केलेले भक्त उंच नंदीध्वज तोलीत ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात. त्या लिंगांस तैलाभिषेक होतो, आणि पुढे संमती कट्ट्यावर योगदंड व कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या अक्षता पडतात. 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा घोष उठतो, तेव्हा त्यात कानडी, तेलुगू आणि मराठी कंठ एकवटलेले असतात. कोणी श्रीसिद्धेश्वर म्हणतो, कोणी सिद्धरामेश्वर, तर कोणी आपल्या मुलालाच 'सिद्राम' असे नाव ठेवून दिवसातून दहादा ते उच्चारतो.

देव एकच, नावे तेवढी निराळी, असे आपण सारेच सहज बोलून जातो. हे वचन खोटे नव्हे. परंतु ते पुष्कळदा विचाराचा आरंभ न होता शेवट होऊन बसते. नाव जर केवळ खुणेची चिठ्ठी असते, तर भक्तांनी त्यासाठी आयुष्ये वेचली नसती. नाव हे देवाशी जडलेले नाते आहे, असे आम्हांस वाटते. आणि हे समजून घेण्यास श्रीसिद्धरामांच्या चरित्राएवढा जवळचा आधार सोलापूरकरांस दुसरा नाही.

मल्लय्याचा शोध

बाराव्या शतकात आजच्या सोलापूरचे नाव सोन्नलगी असे होते. मुद्दगौडा आणि सुग्गव्वा यांचा हा अबोल पुत्र रानात गुरे राखी. कथा अशी की, एके दिवशी एक जंगम त्याच्या शेतात आला. आपण श्रीशैलाहून आलो, आपले नाव मल्लय्या, असे त्याने सांगितले. बालकाने त्याला हुरडा दिला. मग त्याने दहीभात मागितला. तो आणण्यास मूल घरी धावले आणि परत येऊन पाहते तो जंगम नाही! 'मल्लय्या, मल्लय्या' असा टाहो फोडीत ते यात्रेकरूंच्या मागोमाग थेट श्रीशैलास गेले. तेथे देवळातील लिंग दाखवून लोकांनी सांगितले, हाच मल्लय्या. मुलाला ते पटेना. त्याला हवा होता तो दहीभात मागणारा. अखेर कड्यावरून देह टाकण्यास तो सिद्ध झाला, तेव्हा मल्लिकार्जुनाने त्याला दर्शन दिले.

राघवांक या कन्नड कवीने 'सिद्धराम चरित्र' हे काव्य रचून ही कथा अजरामर केली. तिचे मर्म असे की, यात्रेकरूंनी सांगितलेला देव आणि बालकाने ओळखलेला देव यांत तत्त्वतः भेद नव्हता. भेद होता तो ओळखीत. दुसऱ्याची ओळख उसनी घेऊन त्याची तहान भागली नाही.

याच काळातील शिवशरणांच्या वचनांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. प्रत्येक शरणाने आपल्या वचनांत शिवाला स्वतःचे नाव दिले. महात्मा बसवेश्वरांचा तो 'कूडलसंगमदेव', म्हणजे कृष्णा व मलप्रभा यांच्या संगमावरचा देव. अल्लमप्रभूंचा 'गुहेश्वर', हृदयाच्या गुहेतील गूढ तत्त्व. अक्कमहादेवींचा 'चन्नमल्लिकार्जुन', ज्याला त्यांनी पती मानून घरदार सोडले. आणि सिद्धरामांचा 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन'. अक्कमहादेवी आणि सिद्धराम या दोघांच्या मुद्रांत श्रीशैलाचाच मल्लिकार्जुन आहे; परंतु एकीने त्याला सुंदर पतीच्या रूपात आळविले, तर दुसऱ्याने बालपणी हरवलेल्या मल्लय्याला हाक मारली.

तळे की तळहात?

मतभेद नावापुरते राहत नाहीत, देव कोठे शोधावा येथपर्यंत ते जातात. सिद्धरामांनी सोन्नलगीत तळे खोदविले, देऊळ उभारले, लिंगांची स्थापना केली. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथातील प्रसंग असा की, तळ्याचे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी सिद्धरामांचा उल्लेख 'वड्डराम', म्हणजे दगड फोडणारा राम, असा केला. कामकरी संतापले, दगड सुटले, सिद्धरामांचाही क्रोध भडकला. प्रभूंनी तो शांत केला आणि त्यांना कल्याणास नेले. तेथे चन्नबसवेश्वरांनी त्यांना इष्टलिंगाची दीक्षा दिली. जो देव दगडात शोधला, तो तळहातावर आला.

मग तळे व्यर्थ ठरले काय? सोलापूरने याचे उत्तर कृतीने दिले आहे. तळे आहे, त्यात मंदिर आहे, मंदिराच्या आवारात सिद्धरामांची समाधी आहे, आणि तेथेच गळ्यात इष्टलिंग धारण केलेला शिवभक्त व हात जोडून उभा असलेला मूर्तिपूजक शेजारी शेजारी दर्शन घेतात. आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. इष्टलिंगाचा महिमा सांगणाऱ्या सिद्धरामांच्या वचनांतही मुद्रा 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' हीच आहे. समज पालटली, हाक पालटली नाही.

तीन भाषांचे शहर

हाच न्याय सोलापूरच्या अन्य दैवतांनाही लागू पडतो. बाळे येथील खंडोबाच्या चंपाषष्ठीच्या यात्रेत 'येळकोट येळकोट' गर्जते. मराठी घरांचा खंडोबा कानडी मुलखात मैलार आणि तेलंगणात मल्लण्णा म्हणून पूजिला जातो. विणकाम करणारा पद्मशाली समाज नारळी पौर्णिमेस मार्कंडेयांचा रथ काढतो. मार्कंडेयांना यमपाशातून शिवाने सोडविले; तर त्यांचे पुत्र भावनाऋषी यांनी विष्णूच्या नाभिकमळाच्या तंतूंनी वस्त्र विणले, अशी त्या समाजाची श्रद्धा. एकाच कुलकथेत आयुष्य शिवाने दिले आणि धागा विष्णूकडून आला!

याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा तर सर्वश्रुत आहे. शिवावाचून अन्य देवाचे मुख न पाहण्याचा त्यांचा पण. विठ्ठलाचा करगोटा घडविण्यासाठी डोळे बांधून ते गाभाऱ्यात गेले. हातांना व्याघ्रचर्म व सर्प लागले. डोळे उघडताच समोर विठ्ठल! पुन्हा डोळे बांधले, पुन्हा शंकर. तेव्हा हरिहरांचा अभेद त्यांस उमगला. परंतु तो त्यांना कोणी व्याख्यान देऊन पटविला नाही. स्वतःच्या हातांनी चाचपून त्यांना तो कळला, आणि म्हणूनच तो टिकला.

आजही कोणता पंथ कोणत्या धर्मनावाने ओळखावा, देव सगुण की निर्गुण, देवळात की देहात, यांवर वाद होतात. ते व्हावेतही. सिद्धराम आणि अल्लमप्रभू यांच्यात तो झालाच होता. मात्र त्या वादाचा शेवट दगडांनी झाला नाही, एकत्र प्रवासाने झाला, हे विसरता कामा नये. 'सारे एकच' म्हणून शेजाऱ्याची हाक पुसून टाकणे हा आदर नव्हे. आणि 'आमचेच खरे' म्हणणे ही भक्ती नव्हे.

वाचकहो, आपल्या घरी नव्याने आलेली सून माहेरचा देव मनात घेऊन येते. तिला तो ठेवून द्यावयास सांगू नये. देव्हाऱ्यात त्याला जागा द्यावी आणि त्याचे नाव तिच्याच भाषेत शिकून घ्यावे. यंदा संमती कट्ट्यावर अक्षता टाकताना शेजारी उभा असलेला भक्त कोणत्या नावाने हात जोडतो, हेही ऐकावे. तिळगुळाचा गोडवा जिभेवर असतो तो क्षणभर. दुसऱ्याच्या देवाचे नाव आदराने उच्चारणाऱ्या जिभेवर तो वर्षभर राहील.