घाटेअळी मरते कशी आणि उरते कशी?

हरभरा फुलावर आला की घाटेअळीचा घोर लागतो. पंप पाठीवर चढतो, औषध पडते. पण चार दिवसांनी पाहावे तर घाट्यात तोंड खुपसून अळी आहेच! औषध बदलण्यापूर्वी या अळीचा संसार समजून घ्यावा.

मादी पतंग कोवळ्या शेंड्यांवर व फुलांवर सुटी सुटी शेकडो अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. पुढे दोन-तीन आठवडे ती कात टाकत वाढते आणि मातीत कोष करते. कोषातून पुन्हा पतंग, पतंगाची पुन्हा अंडी.

या फेऱ्यात प्रत्येक औषधाचा घाव वेगळ्या जागी बसतो. काही औषधे मज्जातंतूंवर काम करतात. अळी लुळी पडून मरते. निंबोळी अर्काने अळीचे खाणे कमी होते, कात नीट पडत नाही, आणि जगलेली मादी अंडी कमी घालते. नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन यांसारखी औषधे नवी कातडी तयारच होऊ देत नाहीत. अळी लगेच मरत नाही, पण कात टाकताना दगावते. म्हणून दुसऱ्या दिवशी अळी हलताना दिसली तरी घाईने दुसरे औषध मारू नये.

खरा धोका अर्धवट मात्रेत आहे. कमी औषधात कमजोर अळ्या मरतात, चिवट उरतात. त्यांची पिल्लेही चिवट निपजतात. एकच औषध वारंवार मारले तरी तेच होते. १९८७ साली आंध्र प्रदेशात कपाशीवर हेच घडले. सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना ही अळी दाद देईना, आणि फवारणीवर फवारणी करूनही पीक गेले.

तेव्हा एकरी दोन कामगंध सापळे लावा. सापळ्यात रोज आठ-दहा पतंग दोन-तीन दिवस सलग आले, किंवा ओळीच्या एक मीटरमध्ये एक-दोन अळ्या दिसल्या, की फवारणीची वेळ झाली समजा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क फवारा: पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून, फडक्याने गाळून, शंभर लिटर करा. लहान अळ्यांवर एच. ए. एन. पी. व्ही. हे विषाणूचे औषध संध्याकाळी फवारा. उन्हाने ते निकामी होते. अळी मोठी झाली की कोणतेच औषध तितके लागू पडत नाही. रासायनिक औषध लागलेच तर चिठ्ठीवरील मात्रेनेच मारा, आणि पुढच्या खेपेस वेगळ्या गटाचे घ्या. पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवा.

आणखी एक. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला फडके, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ, आणि काम झाल्यावर साबणाने आंघोळ, एवढे पाळाच. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. औषधाचा रिकामा डबा पाणी भरायला वापरू नका.